गाडीच्या रंगावर सीलंट: मे महिन्यातल्या कामाच्या नोंदी

गाडी २०१९ ची बलेनो, गडद निळा मेटॅलिक रंग, ६२,००० किलोमीटर. जागा पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीचं बेसमेंट पार्किंग. गाडी धुवायला बोअरचं पाणी. धुणं, क्ले (रंगात रुतलेली घाण उचलणारा मातीसारखा मऊ गोळा), मशीन पॉलिश आणि वर अ‍ॅक्रिलिक पॉलिमर सीलंटचे (रंगावर बसणाऱ्या संरक्षक थराचे) दोन हात, एवढं काम पावसाळ्याआधी उरकायचं ठरवलं. मिलीलिटर आणि मिनिटं मोजून लिहिली आहेत. चुका जास्त सविस्तर लिहिल्या आहेत, कारण मे महिन्यात बोअरच्या पाण्यावर हे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला त्याच येणार आहेत.

३ मे २०२५, शनिवार. पाहणी, ४५ मिनिटं

बेसमेंटचे दिवे बंद करून टॉर्च पत्र्याला तिरपा धरला. बॉनेटवर उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसले. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी पुसली की धूळ पॉलिश पेपरचं काम करते, त्याचा हा परिणाम. छतावर आणि बॉनेटवर वाळलेल्या थेंबांची पांढरी कडी. बोट फिरवलं की काही कडी खरखरीत लागतात; ते वर बसलेले क्षार, निघतात. काही बोटाला लागत नाहीत पण डोळ्याला दिसतात. तिथं क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) खाल्ला गेलाय आणि ते पॉलिशशिवाय जात नाहीत.

धुतलेल्या दरवाज्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून हात फिरवला. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून रव्यासारखा लागतो. क्ले लागणार हे नक्की.

रंगाच्या जाडीमापकावर छत १०५ ते ११४ मायक्रॉन, बॉनेट ९८ ते ११०, दरवाजे १०० ते ११२. डावा मागचा दरवाजा मात्र १९० ते २३०: तो गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेला आहे, त्याचा वेगळा विचार करावा लागेल. बंपर प्लास्टिकचे असल्यामुळं तिथं मापक चालत नाही. हा आकडा प्राइमरपासून क्लिअर कोटपर्यंतचा मिळून असतो. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश जे काढतं ते त्यातूनच काढतं. सीलंटचा थर एक मायक्रॉनही भरत नाही, त्यामुळं त्यानं ओरखडे बुजतील ही आशा ठेवू नये.

पाणी मोजलं. बोअर: टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ७९०. घरातला महापालिकेचा नळ: ९५. फरक मोठा आहे, पण उन्हाळ्यात पिण्याचं पाणी गाडीवर ओतणं बरोबर नाही. एसीच्या पाइपखाली रात्रभर बादली ठेवली. सकाळी सहा लिटर पाणी, टीडीएस १४. सुती कापडातून गाळून डब्यात भरलं. शेवटचं खंगाळणं आणि सगळी मिश्रणं या पाण्यात करायची.

४ मे, रविवार. पहिली धुलाई, ३ तास, त्यातले दोन वाया

सकाळी साडेदहाला रॅम्पवर उन्हात गाडी घेतली, ही चूक. बॉनेटचं तापमान इन्फ्रारेड मापकावर ५४ अंश. शाम्पूचा फेस वरच्या वर सुकला आणि खंगाळलेलं बोअरचं पाणी पुसायच्या आत उडून गेलं. होते त्यांत आणखी चाळीसेक पांढरे ठिपके पडले.

गाडी खाली आणली, दोन तास थंड होऊ दिली. पांढरं व्हिनेगर २०० मिली आणि एसीचं पाणी २०० मिली एकत्र केलं, त्यात मायक्रोफायबर भिजवून ठिपक्यांवर एक मिनिट पसरून ठेवलं. नुसतं पुसून काम होत नाही, आम्लाला क्षार विरघळवायला तेवढा वेळ लागतो. मग भरपूर पाण्यानं धुतलं. ताजे ठिपके सगळे गेले, जुन्यांतले निम्मे गेले. व्हिनेगर शहाबादी फरशीवर सांडू देऊ नका, दगडातला चुना खाल्ला जाऊन पांढरट डाग कायमचा राहतो. गोणपाट अंथरून वाचवलं.

यापुढं नियम केला: सावलीत, सकाळी सहाच्या सुमाराला, आणि पत्र्यावर हाताची मागची बाजू दहा सेकंद आरामात टेकत असेल तरच काम सुरू.

धुण्याची पद्धत दोन बादल्यांची. एकीत १५ लिटर पाण्यात ३० मिली शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. मिट (धुवायचा मऊ हातमोजा) आधी साध्या पाण्यात पिळायचा, मग शाम्पूत. वरून खाली यायचं, चाकं आणि दरवाज्यांचा खालचा भाग शेवटी, त्यांना वेगळा मिट. साध्या पाण्याच्या बादलीचा तळ शेवटी पाहिला तर बोटभर गाळ होता. एकच बादली असती तर तो पुन्हा रंगावरच घासला गेला असता.

१० मे, शनिवार. लोखंडाचे कण, डांबर, क्ले. ५ तास

आयर्न रिमूव्हर थंड आणि कोरड्या पत्र्यावर फवारला. ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे बारीक कण रंगात रुतून गंजतात. हे रसायन त्यांना लागलं की जांभळे ओघळ येतात. दरवाज्यांच्या खालच्या भागावर आणि डिकीवर सगळ्यात जास्त आले, छतावर जवळपास नाहीत. ३०० मिली लागलं. चार मिनिटांत धुवून टाकायचं, सुकू द्यायचं नाही. वास नासक्या अंड्यासारखा असतो आणि बेसमेंटमध्ये तो दुपारपर्यंत राहतो, म्हणून हे काम रॅम्पवर पहाटे केलं. हातमोजे घालावेच लागतात.

डांबराचे ठिपके रंगाच्या दुकानातल्या मिनरल टर्पेंटाइननं काढले. फडक्यावर थोडं घेऊन अर्धा मिनिट टेकवायचं, मग एकाच दिशेनं पुसायचं आणि लगेच शाम्पूनं धुवायचं. पुन्हा रंगवलेल्या दरवाज्यावर ते वापरलं नाही. गॅरेजचा रंग भट्टीत कंपनीच्या रंगाइतका पक्का झालेला नसतो.

क्ले १०० ग्रॅम, मध्यम नव्हे, बारीक दर्जाचा. तीन तुकडे केले. वंगणासाठी एक लिटर एसीच्या पाण्यात १० मिली शाम्पू. अर्धा चौरस मीटर भाग भिजवायचा आणि क्ले हलक्या हातानं पुढं-मागं सरकवायचा. सुरुवातीला खरखर ऐकू येते, हाताला रोध जाणवतो. मग आवाज थांबतो आणि तुकडा लोण्यावरून सरकल्यासारखा जातो. तो भाग झाला. तुकडा उलटून पाहिला की करडी-तपकिरी घाण दिसते. मळून आतली स्वच्छ बाजू बाहेर काढायची.

दोन गोष्टी बिघडल्या. आठनंतर बेसमेंटही ३३ अंशांवर गेलं आणि क्ले इतका मऊ झाला की छतावर चिकटून रेघा सोडायला लागला. तुकडे गार पाण्याच्या वाटीत ठेवून आलटून पालटून वापरले, तेव्हा जमलं. चिकटलेल्या रेघा जास्त वंगण मारून त्याच क्लेनं उचलल्या. दुसरं म्हणजे एक तुकडा फरशीवर पडला. तो फेकून दिला. पाण्यानं धुवून चालत नाही, रुतलेला वाळूचा एक कण पूर्ण दरवाजा ओरबाडतो. उरलेल्यात भागलं नाही, आणखी एक क्ले आणावा लागला: ४५० रुपये.

११ मे, रविवार. पॉलिशची चाचणी आणि बॉनेट. ६ तास

पॉलिश भाड्यानं आणलेल्या डीए (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे स्वतःभोवती फिरता फिरता डोलणाऱ्या) मशीननं, दिवसाला ६०० रुपये. सरळ फिरणारं रोटरी मशीन नवख्या हातात देऊ नये. एकाच जागी दोन सेकंद जास्त थांबलं तरी रंग तापून जळतो. डीए थोडं चुकलं तरी सांभाळून घेतं.

रबर, काचेची कड, दिवे, नंबर प्लेट यांना मास्किंग टेप. दरवाज्यांच्या आणि बॉनेटच्या धारदार कडांवरही टेप लावली, कारण कडेवर क्लिअर कोट सगळ्यात पातळ असतो. टेपलाच एक तास गेला.

बॉनेटवर ४५ बाय ४५ सेंमीचा चौकोन आखून आधी सौम्य पॅड आणि सौम्य पॉलिशची चाचणी घेतली. चकाकी आली, पण कडी तशीच राहिली. मग मध्यम पॅड आणि मध्यम पॉलिश. सुरुवातीला पॅडवर वाटाण्याएवढे पाच ठिपके, पुढच्या चौकोनांना तीन. मशीनचा वेग ४.५ वर, आधी आडवे आणि मग उभे फेरे, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवत, हात सेकंदाला अडीच-तीन सेंमी सरकवत. पाच वेळा केल्यावर बारीक ओरखडे ८० टक्के गेले. त्यापुढं दाबून उपयोग नाही.

मशीनच्या मागच्या प्लेटवर मार्करनं एक उभी रेघ मारून ठेवली. रेघ फिरताना दिसत राहिली पाहिजे. ती एका जागी थरथरायला लागली की दाब जास्त झालाय किंवा पॅड तिरपा पडलाय, आणि तेव्हा पॉलिश जवळपास काहीच कापत नाही.

दुपारी पॉलिश पिठासारखं उडायला लागलं. कारणं तीन होती. टेबल फॅन थेट पत्र्यावर लावला होता, पॉलिश जास्त घेतलं होतं, आणि पॅड आधीच्या चुऱ्यानं भरला होता. पंखा दुसरीकडं वळवला, ठिपके कमी केले, प्रत्येक भागानंतर नायलॉनच्या ब्रशनं पॅड झाडला. लगेच फरक पडला. ओरखडा जात नाही म्हणून घाईत मशीन ६ वर नेलं होतं, तेव्हा एका पॅडचं वेल्क्रो तापून कडेनं सुटलं. पॅड वाया. दोन मध्यम पॅड आलटून पालटून वापरायचे, एक तापला की बाजूला ठेवायचा, हे सुरुवातीपासून केलं असतं तर तो वाचला असता. उरलेलं काम एकाच मध्यम पॅडवर, थांबून थांबून करावं लागलं.

छतावर पाच कडी खोल आहेत. ती सोडून द्यायचं ठरलं. ती पूर्ण काढायला क्लिअर कोटचे आणखी कितीतरी मायक्रॉन उडवावे लागतील, आणि उन्हापासून खालचा रंग वाचवणारा थर तोच आहे. पॉलिशनंतर मापकावर बॉनेटचा आकडा जवळपास तोच दिसतो, त्यावरून निर्धास्त होऊ नका. या मापकाची स्वतःचीच चूक दोन-तीन मायक्रॉनांची असते, आणि पॉलिश काढतं तेही साधारण तेवढंच.

१२ मे, सोमवार, बुद्धपौर्णिमेची सुट्टी. दरवाजे, डिकी. साडेपाच तास

कंपनीच्या रंगावर कालचीच पद्धत चालली. पुन्हा रंगवलेला दरवाजा मऊ निघाला: मध्यम पॅडनं ओरखडे गेले, पण ढगाळ पांढरटपणा आला, उजेडात दुधाळ दिसायला लागला. तिथं सौम्य पॅड, सौम्य पॉलिश, मशीनचं वजन तेवढाच दाब आणि चार फेरे. तेव्हा निवळला. जाडी २०० च्या वर आहे म्हणून तिथं जास्त घासायला हरकत नाही, असं समजू नये. ती जाडी बहुधा पुट्टी आणि प्राइमरची असते, वरचा क्लिअर कोट किती हे मापक सांगत नाही.

वायपरखालच्या काळ्या प्लास्टिकला टेप लावायची राहिली. पॉलिश त्याच्या दाण्यांत शिरून पांढरं झालं. जुना टूथब्रश, कोमट पाणी आणि शाम्पू घेऊन ४० मिनिटं घासावं लागलं. वीस रुपयांच्या टेपनं हे वाचलं असतं.

छत राहिलं. मशीन आणखी एका दिवसासाठी ठरवून ठेवलं.

१७ मे, शनिवार. छत, मग अल्कोहोलचं पुसणं. ४ तास

पहाटे छत पॉलिश केलं. मग पूर्ण गाडी धुतली, कारण फटींत पॉलिशचा चुरा बसलेला असतो. तो नंतर सीलंटच्या फडक्यात आला तर नवे ओरखडे पडतात.

आता सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी. पॉलिशमध्ये तेल असतं. ते बारीक ओरखड्यांत भरून बसतं, त्यामुळं काम झालंय असं वाटतं, आणि त्यावर लावलेलं सीलंट रंगाला न चिकटता त्या तेलावर तरंगतं. पहिल्या दोन-तीन धुलाईत ते जातं. लोक बाटलीला दोष देतात, दोष या वगळलेल्या पुसण्याचा असतो.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल १५० मिली, बाकी एसीचं पाणी, एकूण एक लिटर. पहिल्यांदा अर्धं-अर्धं केलं होतं. ते ३४ अंशांत फवारल्या फवारल्या उडालं, फडकं पत्र्याला अडकत होतं. पंधरा टक्क्यांवर आणलं, अर्ध्या दरवाज्याएवढाच भाग घेतला, एका फडक्यानं पुसलं आणि दुसऱ्या कोरड्यानं टिपलं. हे मिश्रण पुन्हा रंगवलेल्या दरवाज्यावर फार वेळ राहू द्यायचं नाही.

पुसल्यावर उजव्या पुढच्या दरवाज्यावर वीतभर जागेत ओरखडे परत दिसले. तेलानं झाकलेले होते. तो भाग पुन्हा पॉलिश केला, पुन्हा पुसला. ५० मिनिटं. सीलंटखाली हे ओरखडे महिनोन्‌महिने अडकून राहिले असते, त्यापेक्षा आज दिसले हे बरं.

१८ मे, रविवार. सीलंटचा पहिला हात. साडेतीन तास

पहाटे पावणेसहा, बेसमेंट २७ अंश. सीलंट १० मिलीच्या सुई नसलेल्या सिरिंजनं मोजून घेतलं.

बॉनेटवर ८ मिली घेतलं. ते जास्त झालं. जाड थर वरून सुकला आणि खाली ओला राहिला. पुसताना चट्टे पडले, एका जागी तेलकट तर एका जागी पांढरे. पुढच्या प्रत्येक भागाला २ ते ३ मिली पुरलं. फोमचा अ‍ॅप्लिकेटर आधी दोन-तीन थेंबांनी पूर्ण ओला करून घ्यायचा, नाहीतर पहिला भाग तोच पिऊन टाकतो. लावताना सरळ रेघांत, आधी आडवं मग उभं. पत्र्यावर इतका पातळ थर हवा की तिरपं पाहिल्याशिवाय दिसू नये. जाड थरानं टिकाऊपणा वाढत नाही. रंगाला चिकटतं तेवढंच राहतं, बाकीचं फडक्यात जातं. पूर्ण गाडीला २८ मिली लागलं, त्यातलं पाचेक बॉनेटवर वाया.

पुसायची वेळ घड्याळावर ठरवू नका. स्वच्छ बोट थरावरून एकदा ओढायचं. मागं स्वच्छ, चकचकीत पट्टा राहिला की पुसायला घ्यायचं. पट्टा फासटला तर थांबायचं. दरवाज्यांना २५ मिनिटं लागली, बॉनेटला १२, कारण बॉनेटच्या बाजूनं रॅम्पवरून गरम वारा येत होता. लावायचा आणि पुसायचा क्रम तोच ठेवला तर गोंधळ होत नाही.

छतावरचा थर दीड तास राहून गेला आणि फडक्याला दाद देईना. जोर लावण्याऐवजी त्यावरच सीलंटचा अगदी पातळ हात फिरवला आणि दोन मिनिटांत पुसला. ताजं सीलंट जुन्या थराला मऊ करतं, त्यामुळं दोन्ही एकत्र निघाले.

दोन फडकी लागतात, पहिलं धूसरपणा उचलायला, दुसरं शेवटची चमक आणायला. लेबलं कात्रीनं कापून टाकली, त्यांची कडक कड रंगाला लागते. एका फडक्यानं सगळीकडं तेलकट पट्टे उमटत होते. ते घरच्या कपड्यांबरोबर सॉफ्टनरमध्ये धुतलेलं निघालं. सॉफ्टनर धाग्यांवर थर देतो, मग ते फडकं पाणीही टिपत नाही. मायक्रोफायबर वेगळं, नुसत्या सौम्य द्रव साबणात धुवावं.

साडेनऊला काम संपलं. आता २४ तास पाणी लागू द्यायचं नव्हतं.

१९ मे, सोमवार. स्लॅबचं पाणी. २ तास

काल दुपारी वळवाची सर आली. गाडी बेसमेंटमध्ये होती, पण वरच्या स्लॅबच्या सांध्यातून पाणी झिरपलं आणि बॉनेटच्या डाव्या भागावर रात्रभर ठिबकलं. सकाळी पाहिलं तर रुपयाएवढे अकरा पांढरे चट्टे, मध्ये जाड आणि कडेला पातळ, साबुदाण्याच्या पापडासारखे.

हे बोअरच्या पाण्यापेक्षा वाईट. काँक्रीटमधून झिरपलेलं पाणी सिमेंटमधला चुना घेऊन उतरतं. ते तीव्र क्षारधर्मी असतं आणि हवेत सुकलं की खडू होतो. त्यानं सीलंटही जातं आणि दोन-चार दिवस राहिलं तर क्लिअर कोटही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कित्येक गाड्यांच्या छतावर असे कायमचे पांढरे डाग दिसतात, ते यामुळंच. गाडी रोज तिथंच उभी राहते म्हणून सांध्याकडं कुणी मान वर करून पाहत नाही.

ताजे असल्यामुळं व्हिनेगर-पाण्याची घडी प्रत्येक चट्ट्यावर अर्धा मिनिट ठेवली, दोनदा. सगळे विरघळले. टॉर्चखाली पाहिलं, रंगात खड्डा नाही. अर्ध्या बॉनेटवर आता सीलंट शाबूत आहे असं धरता येत नव्हतं. तेवढा भाग धुतला, अल्कोहोलनं पुसला, ३ मिलीचा नवा हात दिला.

मग जागेचा प्रश्न. खालच्या मजल्यावरच्या काकांची जागा सांध्यापासून लांब आहे. विचारलं, "काका, चार दिवस गाडी तुमच्या जागेत लावली तर चालेल का?" म्हणाले, "लाव की. आम्ही तसंही गावाला निघालोय, महिनाअखेरीला येऊ." त्यांच्या जागेवर आधी वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवलं. सकाळी कागद कोरडा होता, मग गाडी तिथं लावली. काम सुरू करण्याआधी तुमच्याही जागेवर हे करा. कागदावर एक थेंब दिसला तरी जागा बदला.

२० मे, मंगळवार. दुसरा हात. २ तास

दुसऱ्या हातानं थर जाड होत नाही. पहिल्यांदा राहून गेलेल्या जागा झाकल्या जातात, एवढ्यासाठी तो द्यायचा: आरशांच्या मागं, दरवाज्यांच्या हँडलखाली, डिकीच्या नंबर प्लेटभोवती. १९ मिली लागलं.

संध्याकाळी पुण्यात जोरदार पाऊस झाला आणि बेसमेंटमधली हवा दमट झाली. परवा १२ मिनिटांत झालेल्या बॉनेटवर आज ४० मिनिटांनीही बोट फासटत होतं. एक तास दहा मिनिटं थांबलो. दमट हवेत घाई करून पुसलं तर ओलं सीलंट फडक्यात येतं आणि रंगावर काही उरत नाही. हेच काम दिवाळीनंतर, कोरड्या थंड हवेत केलं तर निम्म्या कटकटी होणारच नाहीत. पावसाळ्याआधी संरक्षण हवं असेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरकावं. मेचा उत्तरार्ध हा सगळ्यात वाईट काळ.

२२ मे, गुरुवार. हिशेब

४८ तास गाडी हलवली नाही.

शाम्पू ३५०, आयर्न रिमूव्हर ६५०, क्ले दोन ९००, मशीन तीन दिवस १,८००, पॅड चार १,४००, पॉलिश ९००, अल्कोहोल ३२०, सीलंट २५० मिली १,४५०, मायक्रोफायबर बारा ८४०, गाडी टिपायचा टॉवेल ६००, टेप २४०, व्हिनेगर ६०. एकूण ९,५१० रुपये. टर्पेंटाइन, सौम्य पॉलिशची छोटी बाटली आणि मापकं घरात होती, ती धरलेली नाहीत.

एकूण वेळ पावणेबत्तीस तास. सीलंट लावण्या-पुसण्याचे त्यातले साडेपाच. बाकी सगळी तयारी, आणि त्यातले सातेक तास चुका निस्तरण्यात.

गाडी पुसणाऱ्या दादांशी बोलणं गरजेचं होतं. त्यांच्याकडं वीस गाड्या आणि एक बादली असते, दुसरं काही करणं त्यांना शक्यच नाही. "दादा, आजपासून पत्र्याला फडकं लावू नका. फक्त काचा आणि चाकं." "मग पैसे कमी होणार?" "नाही, तेवढेच." हे बोलणं झालं नाही तर वरचे बत्तीस तास महिन्याभरात पुसले जातात.

२६ मे, सोमवार. पाऊस

मोसमी पाऊस आज मुंबई-पुण्यात पोचला. एरवी जूनचा दुसरा आठवडा उजाडतो.

छतावर पाण्याचे घट्ट, गोल मणी. चाळीसचा वेग धरला की बॉनेटवरचे मणी मागं सरकतात आणि काचेवरून निघून जातात. दरवाज्यांवरून पाणी पडद्यासारखं उतरतं. स्लॅबच्या पाण्यानंतर दुरुस्त केलेला डावा भाग आणि उजवा यांत फरक दिसत नाही. चाकांमागचा चिखल तसाच बसतो, फक्त नुसत्या पाण्याच्या धारेनं सुटतो.

मणी दिसायला सुंदर असतात, पण बोअरचं पाणी असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. थेंब पसरला नाही तर त्यातले सगळे क्षार एका ठिपक्यात गोळा होऊन सुकतात. सीलंट लावलेल्या गाडीवर बोअरच्या पाण्याचे डाग कमी पडत नाहीत, जास्त ठळक पडतात. ते सहज निघतात एवढाच फायदा. पावसाच्या पाण्यात क्षार नगण्य असतात, त्याची काळजी नाही.

१५ जून, रविवार. तीन आठवड्यांनी

धुलाई: दोन बादल्या बोअरच्या, वरून एसीचं सहा लिटर पाणी झारीनं, छतापासून खाली. ओलसर असतानाच टॉवेल पसरून नुसता टेकवला, घासला नाही. एकही डाग नाही. झारीचं पाणी संपलं म्हणून डिकी तशीच राहिली होती, तिथं सतरा ठिपके मोजले.

पक्ष्याची विष्ठा छतावर होती, बहुधा आदल्या दिवसाची. ओलं फडकं दोन मिनिटं ठेवून उचलली. खाली फिकट सावली राहिली, ती पुढच्या धुलाईत गेली. विष्ठा आम्लधर्मी असते आणि सुकताना आकसून रंगाला ओढते. सीलंटमुळं काही तासांची सवड मिळते, चार दिवसांची नाही. नखानं किंवा कोरड्या कागदानं खरवडू नये.

१७ ऑगस्ट, रविवार. तीन महिने

मणी चपटे झाले होते. लगेच नवा हात द्यायला घेतला नाही. पावसाळ्यात रस्त्याची तेलकट घाण सीलंटवर बसते आणि पाणी पसरायला लागतं, तेव्हा थर गेला असा समज होतो. आधी शाम्पूनं धुतलं, मग दरवाज्यांच्या खालच्या भागावर आयर्न रिमूव्हर मारला. दरवाज्यांवर आणि डिकीवर मणी परत आले. छतावर आणि बॉनेटवर आले नाहीत. छतानं रस्त्यावर उभं असताना ऊन खाल्लंय, बॉनेटला खालून इंजिनची उष्णता, तिथं थर खरोखर झिजलाय.

फक्त ते दोन भाग अल्कोहोलनं पुसून एक हात: ९ मिली, ५० मिनिटं. दमट हवेमुळं पुसायच्या आधी पाऊण तास थांबावं लागलं. बाटलीत १९१ मिली शिल्लक. तोंडावर सुकलेला चुरा पुसून झाकण घट्ट लावलं आणि बाटली घरात, गार कपाटात ठेवली. डिकीत ठेवली तर उन्हाळ्यात सीलंट फाटतं आणि हलवूनही एकजीव होत नाही. पुढची तपासणी दिवाळीनंतर, तेव्हा पूर्ण गाडीला.